मागचे चार बोल्ट

मशीन घरात आलं तेव्हा एक नाही, दोन आली. खालचं कपडे धुणारं, वरचं ते वाळवणारं. एकावर एक रचली की जागा एकाचीच लागते, असं दुकानदाराने पटवून दिलं होतं. दोन्ही पांढरीशुभ्र आणि दोघांच्या पोटावर काचेचा एकेक गोल डोळा.

"जुळी आहेत गं," सासूबाई म्हणाल्या.

"पण एक दुसऱ्याच्या डोक्यावर बसलंय," सून म्हणाली.

"बसू दे की. धाकटं नेहमी डोक्यावरच बसतं. तुझा नवरा नाही बसला?"

सुनेला ते धूड पहिल्या दिवसापासून आवडलं नव्हतं. तिचा स्वभावच भित्रा, हे खरं. दाराची बेल वाजली तरी ती दचकायची. जिन्यात पावलं वाजली तर हातातलं काम थांबवून कान द्यायची. सासूबाई तिला भागूबाई म्हणत. रागाने नव्हे, पण चारचौघांतही म्हणत. "भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात," त्या सांगायच्या, "आमच्या भागूबाईच्या पाठी तर ब्रह्मराक्षसांची अख्खी वस्ती आहे." सून हसायची. हसण्यावारी नेलं की टोमणा अर्धा होतो, हे ती सासरी आल्यावर लवकरच शिकली होती.

घर तिसऱ्या मजल्यावर आणि लहान. पुढच्या खोलीत सुनेचं शिलाई मशीन, कारण ती लोकांचे पडदे शिवून द्यायची. मागे स्वयंपाकघर आणि तिथून न्हाणीघराकडे जाणारी एक बोळकंडी, इतकी अरुंद की समोरून कुणी आलं तर एकाने अंग चोरून भिंतीला लागायचं. या बोळकंडीत, न्हाणीघराच्या दारासमोर, भिंतीत आत गेलेली एक जागा होती. तिथे वीतभर उंच चौथरा बांधून घेतला होता, पाणी लागू नये म्हणून. त्या चौथऱ्यावर ही जोडगोळी बसवायची होती.

आता इथे एक गोष्ट सांगून ठेवली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यातून घडलं.

कपडे धुण्याच्या मशीनचा ड्रम आत स्प्रिंगांवर टांगलेला असतो. गाडीतून येताना तो हिंदकळून फुटू नये म्हणून कारखान्यातच त्याला मागून चार लांब बोल्ट मारून जखडलेला असतो. घरी आल्यावर ते चार बोल्ट काढायचे, मग ड्रम मोकळा होतो आणि फिरताना बसणारे गचके आतल्या आत पचवतो. ते काढले नाहीत तर गचके पचायला जागाच राहत नाही. मग ड्रमबरोबर अख्खं मशीन नाचतं.

दुकानाच्या मिस्त्रीला त्या दिवशी यायला जमत नव्हतं आणि नवऱ्याला थांबायला जमत नव्हतं. नवरा दवाखान्यात एक्स-रे काढायचा. मशीनबरोबर जाडजूड माहितीपुस्तक आलं होतं, पण ते त्याने ड्रायरवर ठेवून दिलं. "पुस्तक वाचून मशीन लावणारा माणूस म्हणजे पुस्तक वाचून पोहणारा," असं त्याचं म्हणणं. त्याने मिस्त्रीला फोनवर विचारलं आणि मिस्त्रीने संदेश पाठवला: "मागचे चार बोल्ट सोडून बाकी सगळं नीट आवळून घ्या."

मिस्त्रीच्या मनात सोडणं म्हणजे गाठ सोडतात तसं सोडणं, पान्ह्याने पिळून काढून बाजूला ठेवणं. नवऱ्याने वाचलं ते 'पोरं सोडून बाकी सगळे लग्नाला आले' त्यातलं सोडणं. ध चा मा कुणी केला नव्हता. शब्द जागच्या जागी होता, त्यातलं एक अक्षरही हललं नव्हतं. जे हललं ते पुढे घर.

नवऱ्याने बाकी सगळं मनापासून आवळलं. दोन मशीनच्या मधली पट्टी स्क्रूने घट्ट केली, पाइप बसवले, चारी पाय वरखाली करून पाणसळ लावून पाहिली. पाणसळीतला बुडबुडा बरोबर मधे आला तेव्हा त्याने आईला बोलावून तो दाखवला. आणि मागच्या चार बोल्टांना कुणी चुकून हात लावू नये म्हणून त्यांच्यावर चिकटपट्टीची फुली मारली. रोज लोकांच्या हाडांपर्यंत पाहणारा तो माणूस. पण काय पाहतो आहोत हे आधी कुणीतरी सांगावं लागतं.

पहिलं धुणं लावलं. पाणी भरलं, ड्रम हळूहळू फिरला, काचेतून कपडे एकमेकांवर आपटताना दिसले. सासूबाई स्टूल घेऊन समोर बसल्या होत्या. "हा बघ तुझा सदरा! गेला, गेला... हा आला परत!" सगळं झकास चाललं होतं. मग पिळायची वेळ आली. आधी एक गुरगुर निघाली, मग घरघर, आणि मग जे सुरू झालं त्याने कपाटातली भांडी वाजायला लागली. सून स्वयंपाकघरातून धावत आली आणि दोन्ही हातांनी ड्रायर धरून उभी राहिली. तिचे दातसुद्धा वाजत होते. त्यातले मशीनमुळे किती आणि भीतीमुळे किती, कुणाला कळणार?

"अहो, हे पडेल!" ती ओरडली.

"नवी नवरी आहे," नवरा म्हणाला. "रुळेल. तू नाही का रुळलीस?"

"मी असा धिंगाणा घातला नव्हता!"

सासूबाई हसून हसून स्टुलावरून पडायच्या बाकी होत्या.

पण रुळायचं लक्षण काही दिसेना. प्रत्येक धुण्यानंतर मशीन बोटभर पुढे आलेलं असायचं. सून मागे हात घालून पाहायची. पहिल्यांदा भिंत आणि मशीन यांच्यात बोटं जायची, मग पंजा, मग मनगट. संध्याकाळी नवरा आला की दोघं मिळून ते मागे रेटायची. नवऱ्याने पायांखाली पुठ्ठा घातला. मग रबराचे तुकडे घातले. एकदा खालच्या मजल्यावरच्या काकू वर येऊन म्हणाल्या, "तुमच्याकडे गिरणी टाकलीत का हो? काही दळायचं असलं तर आणून देते." त्या दिवशी मात्र सुनेने हट्ट धरला आणि नवऱ्याने तिच्यादेखत मिस्त्रीला फोन लावला.

"साहेब, मागचे बोल्ट सोडलेत ना?" मिस्त्रीचा पहिला प्रश्न.

"सोडलेत की," नवरा म्हणाला.

"चारही?"

"चारही. एकालाही विसरलो नाही."

"मग काही काळजी नाही. लादी उतरती असेल. सवडीने येऊन बघतो."

दोघंही समाधानाने बोलले आणि दोघांनीही समाधानाने फोन ठेवला. सून मात्र तशीच उभी होती.  अशी बेफिकीर माणसं 'काळजी नाही' म्हणाली की तिला जास्तच भीती वाटायची.

ती काळजीपूर्वक वागायला लागली. धुणं लावलं की समोरून हलायची नाही. भार सारखा राहावा म्हणून कपडे थोडे थोडे घालायची, चादरी एकेकट्या कधीच नाही. ड्रायरची जाळी दर वेळी पुसायची, त्याच्या डब्यात साठलेलं पाणी ओतून टाकायची, म्हणजे वरचं ओझं तेवढंच हलकं. जाळीवर कपड्यांचा कापसासारखा भुरा बसायचा. तो सासूबाई मागून घ्यायच्या, टाचण्यांच्या उशीत भरायला. "मशीन पिसं गाळतंय गं, अंड्यावर बसणार बहुतेक," म्हणायच्या. सुनेने सगळ्यांना एक नियम मात्र बजावून सांगितला होता: न्हाणीघरात कुणी असताना मशीन लावायचं नाही.

"का? त्याला लाज वाटते?" सासूबाईंनी विचारलं होतं.

सुनेने तेही हसण्यावारी नेलं होतं. दार आणि मशीन यांच्यातलं अंतर तिने मनातल्या मनात कितीदा मोजलं होतं, ते सांगून आणखी हसू करून घ्यायची तिची तयारी नव्हती.

त्या दिवशी नवरा कामावर गेला होता. सून पुढच्या खोलीत एका हॉटेलचे पडदे बेतत होती. लांबलचक लाकडी मोजपट्टी, खडू, जमिनीवर पसरलेलं कापड. सासूबाईंची अंघोळीची वेळ झाली. त्यांनी कानातलं यंत्र काढून फ्रिजवर ठेवलं, कारण ते भिजून चालत नसे. यंत्राशिवाय त्यांना शब्द तुटक तुटक ऐकू यायचे. आवाज यायचा, त्यातलं निम्मं गळून पडायचं.

त्यांच्या मनात आलं की आपली थंडीतली जाड रजई एकदा धुवून काढावी. सुनेला सांगितलं तर ती नाही म्हणणार. मग त्यांनी ती एकटीच ड्रममध्ये कोंबली, गुडघ्याने दाबून काच लावली आणि झटपट धुण्याचं बटण दाबलं. इतक्या दिवसांत बटणं त्यांना पाठ झाली होती. मग त्या टॉवेल घेऊन आपल्या तासाभराच्या अंघोळीला न्हाणीघरात गेल्या आणि त्यांनी आतून कडी लावली. न्हाणीघराचं दार आत उघडणारं होतं.

पुढच्या खोलीत कात्री थांबली. सुनेला जमिनीतून काहीतरी जाणवलं. गुडघ्यांना आधी कळलं, मग कानांना. गुरगुर. मग घरघर.  कात्री टाकून, दुसऱ्या हातातली मोजपट्टी तशीच घेऊन ती धावली.

ओल्या रजईचा गोळा एका बाजूला बसला होता आणि ड्रम तो गरगरा भिरकावत होता. मशीन नाचत नव्हतं, चालत होतं. डावा पाय, उजवा पाय, डावा पाय. सरळ समोर, न्हाणीघराच्या दाराकडे. पुढचे पाय चौथऱ्याच्या काठाला आले होते.

"आई!" ती ओरडली. आत पाण्याचा आवाज.

तिने खांदा लावून ते मागे रेटायचा प्रयत्न केला. भिंत ढकलावी तसं. तिच्या गालाखाली पत्रा थरथरत होता आणि ती थरथर तिच्या हाडांत उतरत होती. मग एक पाय काठावरून सुटला. दुसरा त्याच्यामागून गेला. कसं कोण जाणे, ती बाजूला उडाली. खालचं मशीन, वरचा ड्रायर, मधली आवळलेली पट्टी, सगळं मिळून एकसंध, झाड पडावं तसं पुढे कललं आणि ड्रायरचा माथा न्हाणीघराच्या दारावर आदळला.

दार कडाडलं, पण टिकलं. आतल्या कडीने ते पेललं होतं. एवढीशी कडी, करंगळीएवढी.

आणि आतून सासूबाईंचा आवाज आला: "येते गं येते! दार काय फोडतेस?"

 मशीन अजून चालूच होतं. तिरकं होऊनही ते फिरत होतं आणि प्रत्येक गचक्याला ड्रायरचा माथा दारावर आपटत होता. धाड, धाड, धाड. आत बसलेल्या म्हातारीला वाटत होतं, सून दार ठोठावते आहे. दाराला हादरा बसला की आतून उत्तर यायचं, "आले म्हटलं ना! एवढी कसली घाई आलीय तुला!" जितकं ते आपटत होतं तितकी ती लवकर बाहेर येणार होती. बाहेर यायचं म्हणजे कडी काढायची. कडी काढली की दार आत जाणार, आणि दाराबरोबर तो सगळा डोंगर. थेट तिच्या अंगावर.

आधी हे बंद केलं पाहिजे. बटण पुढच्या बाजूला, दार आणि मशीन यांच्या मधल्या फटीत. तिथे हात घालणं म्हणजे जात्यात हात घालणं. दुसरा उपाय मागच्या भिंतीवरचा स्विच. मशीन पुढे कलल्यामुळे मागची जागा मोकळी झाली होती खरी, पण पाण्याचा पाइप नळावरून निघाला होता आणि भिंतीवर, चौथऱ्यावर, चहूकडे पाणी उडत होतं. स्विचवरूनही पाणी ओघळत होतं.

पाण्यात वीज. लहानपणापासून तिला कोणत्याही गोष्टीची सगळ्यात जास्त भीती असेल तर ती याची. तिची पाचावर धारण बसली. एक पाऊल पुढे, एक मागे, असं तिचं झालं. कुणीतरी यावं, असं तिला वाटलं. कुणी येणार नव्हतं.

मग तिला हातातली मोजपट्टी दिसली. लाकडाची. तिने ती लांब धरली, डोळे बारीक केले आणि पट्टीच्या टोकाने स्विचवर मारलं. पट्टी घसरली. पुन्हा मारलं. खट्ट. ड्रमची घरघर उतरत गेली आणि थांबली. पुढे वाकून तिने नळ पिळला. पाणी थांबलं.

घरात एकदम शांतता झाली. आणि शांततेत तिला ऐकू आलं, दारापलीकडे कडी किरकिरली.

दारावर भार असल्यामुळे कडी अडकली होती. सासूबाई ती हिसकत होत्या.

सून जमिनीवर पालथी पडली. दाराखाली बोटभर फट होती, तिला तोंड लावून ती सगळं बळ एकवटून ओरडली, "आई! कडी सोडू नका!"

"सोडतेच आहे गं!" आतून उत्तर आलं. "सुटत नाही मेली!"

"आई, नका! कडीला हात लावू नका!"

"नाही लावत! लावलेली काढतेय!"

सुनेला रडावं की डोकं आपटावं कळेना. आपल्या भाषेतले शब्द असे दुतोंडी असतील, हे तिला कधी जाणवलं नव्हतं. जो शब्द फेकावा तो आत जाऊन उलटा होत होता. 'थांबा' म्हणावं तर त्या 'सांगा' ऐकतील, आणि 'मागे व्हा' म्हटलं तर कुणी सांगावं काय ऐकतील. कडी पुन्हा हिसकली गेली. या वेळी जरा सरकल्यासारखा आवाज आला. वर ड्रायरचा माथा केसभर खाली घसरला आणि दाराच्या रंगावर पांढरा ओरखडा उमटला.

उठताना तिचा हात भिंतीला लागला. तिथे न्हाणीघरातल्या दिव्याचं बटण होतं, बाहेरच्या बाजूला.

रात्री सासूबाईंच्या खोलीत लहान दिवा जळत असायचा. "भागूबाईला पाणी प्यायला उठावं लागतं, अंधारात घाबरते बिचारी," असं त्या सगळ्यांना सांगायच्या. सून रात्री कधीच पाणी प्यायला उठायची नाही. पण एकदा वीज गेली होती तेव्हा तिने पाहिलं होतं. सासूबाई जिथे होत्या तिथेच, जमिनीवर, दोन्ही हात टेकून बसल्या होत्या. वीज येईपर्यंत हलल्या नव्हत्या. आल्यावर म्हणाल्या, "सुई पडली होती, शोधत होते." सुनेने ते कधी कुणाला सांगितलं नाही.

न्हाणीघराला खिडकी नव्हती. दिवा गेला की आत काळोख, डोळ्यात बोट घातलं तरी कळणार नाही असा.

आणि घाबरून त्या जागेवर बसायच्याऐवजी दारावरच धावल्या तर? कडी ओरबाडून काढली तर?  पण सुनेला दुसरा मार्ग दिसत नव्हता. तिने बटण दाबलं.

कडीचा आवाज थांबला.

  नंतर आतून एक आवाज आला, तो तिने या घरात कधी ऐकला नव्हता. बारीक, लहान मुलीचा असावा तसा. "कोण आहे? कोण आहे तिथे? अगं... अगं सूनबाई..." आणि मग, "आई... आई गं..." ऐंशीला टेकलेली बाई अंधारात आपल्या आईला हाक मारत होती. आवाज जमिनीलगतून येत होता. म्हणजे त्या बसल्या होत्या. दारापाशी नाही, आत, बादलीच्या बाजूला.

दिवा लावावा म्हणून सुनेचा हात दोनदा बटणाकडे गेला, आणि दोनदा तिने तो मागे घेतला. ती पुढच्या खोलीकडे पळाली. तिथे तिची पडदे इस्त्री करायची फळी होती, जाड, सागवानी, दाराच्या रुंदीपेक्षा हातभर लांब. एरवी ती सरकवायला नवरा लागायचा. तिने ती उचलली कशी, हे पुढे तिलाही सांगता आलं नाही. खुर्च्या पाडत, दारांवर आपटत तिने ती बोळकंडीत आणली. पाठीमागून आवाज येतच होता. "आई... आई गं..."

मशीन तिरकं असल्यामुळे ड्रायरचा माथा तेवढा दाराला टेकला होता. त्याच्याखाली, मशीन आणि दार यांच्यामध्ये, खाली रुंद होत जाणारी जागा होती. त्या जागेत तिने फळी आडवी सरकवली. एक टोक दाराच्या या बाजूच्या भिंतीवर, दुसरं त्या बाजूच्या. मग ती खाली वाकली, फळीला खांदा दिला आणि वर रेटायला लागली. वर वर जागा चिंचोळी होत होती. हे आता निसटलं तर आधी आपल्यावर, हे तिला कळत होतं. भीती गेली नव्हती. भीती तिच्यासोबत खांदा लावून उभी होती, एवढंच. फळी वर चढत गेली आणि मशीन आणि भिंत यांच्यात पाचरीसारखी अडकली. तिने ती हलवून पाहिली. हलली नाही.

मग तिने दिवा लावला.

  आतून ओली पावलं वाजली, आणि कडी. "नका, नका, नका," सून पुटपुटत होती, आता ओरडायचंही बळ नव्हतं. कडी सुटली. दार वीतभर आत गेलं आणि वरचं धूड भस्सकन खाली बसलं. फळी कडाडली. मधे वाकली. सुनेने डोळे मिटून घेतले.

उघडले तेव्हा फळी तशीच होती. वाकलेली, पण भिंतींना धरून. आणि दाराच्या फटीत सासूबाईंचा चेहरा होता, टॉवेल गळ्याशी घट्ट धरलेला, केसांतून पाणी निथळत. त्यांनी सुनेकडे पाहिलं. मग तिच्या नजरेबरोबर हळूहळू वर पाहिलं. डोक्यावर हातभर अंतरावर ड्रायरची कड लटकत होती.

सुनेने फटीतून हात घातला आणि त्यांना मागे, आत ढकललं. हळूच. या वेळी शब्द वापरला नाही. सासूबाई मागे गेल्या, पार पलीकडच्या भिंतीशी, आणि अंघोळीच्या स्टुलावर बसल्या. सून फोनकडे गेली नाही. तिला तिथून जाववेना. तिने "काकू! काकू!" म्हणून जमिनीवर मोजपट्टी आपटली. खालच्या काकूंच्या छतातून पाणी ठिबकायला लागलं होतंच. त्या तरातरा भांडायला वर आल्या, नुसतं लोटलेलं पुढचं दार ढकलून आत डोकावल्या आणि भांडण विसरून गेल्या. नवऱ्याला फोन त्यांनीच केला.

नवरा आला तो मिस्त्रीला घेऊनच, धापा टाकत. त्यांनी काकूंकडे आलेल्या त्यांच्या जावयालाही हाक मारली आणि तिघांनी मिळून ते धूड मागे रेटून सरळ केलं. नवऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. मिस्त्री मशीनच्या मागे गेला, चिकटपट्टीच्या फुल्या पाहिल्या आणि बोट दाखवून म्हणाला, "साहेब, हे काय?"

"काय म्हणजे? तेच चार बोल्ट."

"सोडले म्हणालात!"

"सोडलेच होते! शप्पथ सांगतो, एकालाही हात लावला नाही!"

मिस्त्रीने तोंड उघडलं. मग मिटलं. मग नवऱ्यानेही तसंच केलं. दोघं एकमेकांकडे बघत राहिले, आणि काकूंचा जावई दोघांकडे.

सुनेचं तिकडे लक्ष नव्हतं. तिने दार लोटलं, आत गेली आणि सासूबाईंना कोरड्या चादरीत गुंडाळलं.   दोघी एकमेकींना धरून बोळकंडीतून बाहेर आल्या तेव्हा कोण कुणाला सावरतंय ते समजत नव्हतं. सुनेने त्यांना पलंगावर बसवलं, यंत्र आणून कानात घालून दिलं, केस पुसायला घेतले.

बाहेर मिस्त्री पान्हा फिरवत होता. एकेक लांब बोल्ट लादीवर पडल्याचा आवाज येत होता, आणि प्रत्येक आवाजाला दोघी दचकत होत्या.

"दिवा कसा गेला गं मधेच?" सासूबाईंनी विचारलं.

सुनेचा हात केसांत थांबला. स्वयंपाकघरात फ्रिज घुमत होता. तो मधे कधी थांबला नव्हता.

"वीज गेली होती," ती म्हणाली.

सासूबाईंनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग पुन्हा मान पुढे केली, केस नीट पुसता यावेत म्हणून.

"हं," त्या म्हणाल्या. "जाते कधी कधी."